हनुवटीवरचे पाच ठिपके

पाचापर्यंतचे आकडे मी पाटीवर शिकलो नाही, आईच्या हनुवटीवर शिकलो. तिथे गोंदणाचे पाच ठिपके आहेत. चार कोपऱ्यांना चार आणि एक मध्ये, फाशावरच्या पाचासारखे. तिच्या मांडीवर बसून मी त्यांच्यावर बोट ठेवत एक, दोन, तीन म्हणायचो आणि पाचला ती माझे बोट ओठांत धरायची. पुढे मी एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. गेली सत्तावीस वर्षे यंत्रावरून उतरलेले भाग मोजतो आणि पास की नापास ते लिहितो. घरातले म्हणतात की मी माणसांनाही तसाच बघतो. त्यात थोडे तथ्य असावे.

मागच्या हिवाळ्यात आईच्या हनुवटीवर, उजवीकडच्या खालच्या ठिपक्याला लागून, एक बारीक गाठ दिसू लागली. मोहरीएवढी, मोत्यासारखी चमकणारी. मी घरातले व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घ्यायची पट्टी, आणून तिची रुंदी मोजली. साडेतीन मिलिमीटर. आईने विचारले, "पास हाय का?" दोन महिन्यांनी ती गाठ सहा मिलिमीटर झाली तेव्हा मी रजा टाकली आणि आईला घेऊन खराडीहून सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी एक बारीक तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने अहवाल आला. त्या म्हणाल्या, "घाबरण्यासारखं नाही, पण ठेवण्यासारखंही नाही. ही पसरत नाही लांब, पण जागच्या जागी खात जाते. महिन्याभरात काढून टाकू. तेवढ्याच भागाला भूल देऊन होईल." मग आईच्या हनुवटीकडे पुन्हा पाहून म्हणाल्या, "गाठीभोवतीची थोडी चांगली कातडीही काढावी लागते. त्यात तुमचे एक-दोन ठिपके जातील, आजी."

आई उठून उभी राहिली. "मंग न्हाय," म्हणाली आणि पदर सारखा करून दाराकडे चालू लागली.

रात्री जेवताना मी समजावू लागलो तेव्हा ताटातली भाकरी मोडत म्हणाली, "हे माझं एकटीचं न्हाय. आक्काचं आन माझं एका दिशी गोंदलं. एकच बाई, एकच सुई. आक्काच्या हनुवटीला बी असंच व्हतं. ती गेली तवा तिचा फोटू व्हता का कुनाकडं? न्हाय. म्या आरशात बघते तवा मला ती दिसती."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणात गेली. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तिचा फोटो नाही हे मला माहीत होते. आई आरशात तिला बघते, हे माहीत नव्हते.

जेवण झाल्यावर ताट सरकवून आई म्हणाली, "आधी फोटू काढ. नीट, ठिपके दिसतील असा. मला दाव. मंग कापा म्हनावं काय कापायचं ते."

मला हायसे वाटले. फोटोच काढायचा होता. घरातल्या दोन फोनमध्ये मिळून चार हजारांहून जास्त फोटो होते. त्यांतला एखादा मोठा करून छापून घेऊ, असे वाटले. पुढचे दोन रविवार मी ते सगळे तपासले. आई एकशे त्रेसष्ट फोटोंत होती. पण बहुतेकांत मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड, किंवा पदर तोंडावर, किंवा ताट घेऊन फोटोच्या कडेने बाहेर जाताना. हनुवटी दिसत होती असे एकेचाळीस. ठिपके दिसत होते असा एकही नाही. सणवार, लग्ने, बारशी, सगळ्यांत ती होती आणि एकदाही आम्ही तिच्याकडे कॅमेरा वळवून थांबलो नव्हतो. हा आकडा मी कोणालाच सांगितला नाही.

आमच्या फोनवर नवा फोटो काढून पाहिला. चेहरा आला, ठिपक्यांच्या जागी करडा धूर आला. म्हणून तिला शहरातल्या एका जुन्या स्टुडिओत नेले. तिथल्या माणसाने छान दिवे लावून फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पाकीट हातात दिले. आत एक गोरीपान, गुळगुळीत बाई होती. आईचे लुगडे, आईचे डोळे, पण हनुवटी कोरी.

"ठिपके कुठे आहेत?" मी विचारले.

"डाग ना? काढले. त्याचे वेगळे काही घेतले नाहीत."

"ते डाग नाहीत, गोंदण आहे. परत आणता येईल?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "काका, तीस वर्षं लोक माझ्याकडे सुरकुत्या घालवायला येतात. परत मागायला आलेले तुम्ही पहिले." मूळ फोटो त्याने ठेवलाच नव्हता.

आईने तो फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "कोन हाय ही? बरी हाय दिसायला," म्हणाली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला. त्या स्टुडिओत पुन्हा बसायला ती तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या महिन्यातले सतरा दिवस संपले होते.

तेव्हा मी नवा फोन घ्यायचे ठरवले. त्यातले मला काही कळत नव्हते, पण न कळणारी गोष्ट रकान्यांत मांडली की कळू लागते हा माझा अनुभव. मी चौकटीच्या कागदावर तक्ता आखला. सात फोन, अकरा रकाने. मेगापिक्सेल किती, भिंगे किती, भिंगाचे तोंड किती मोठे, जवळचे किती अंतरावरून टिपतो, हात हलला तर सावरतो का. बायको चहा ठेवायला आली आणि कागद बघत राहिली.

"अहो, मुलीला स्थळं बघतानासुद्धा लोक एवढे रकाने आखत नाहीत."

"म्हणूनच फसतात."

"माझ्या वेळी किती होते?"

मी पेन्सिलीला टोक करू लागलो.

तक्त्यात जो पहिला आला त्याचे मेगापिक्सेल सर्वांत जास्त होते, दोनशे. दुसऱ्याचे एकशे आठ. पाचव्या ओळीतल्या एका फोनचे फक्त बारा होते. तो का घ्यावा हे मला समजेना, म्हणून त्याच्यापुढे फुली मारली. पण कागदावर विश्वास ठेवून माल उचलायचा नाही, नमुना तपासायचा, हे माझ्या कामाचे पहिले सूत्र. आईला दुकानादुकानांतून फिरवणे बरे नव्हते. मग मी बायकोला हिरवे बॉलपेन दिले आणि माझ्या हनुवटीवर आईसारखे पाच ठिपके काढायला सांगितले. ठिपक्याची जाडी दोन मिलिमीटर, दोन ठिपक्यांमधले अंतर सात, हे मी आईच्या हनुवटीवर मोजून आणले होते.

"बोलू नका, वाकडा होईल," ती म्हणाली. मग हसून हसून तिचाच हात हलू लागला.

अशी हनुवटी घेऊन मी खराडीतल्या मोठ्या रस्त्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. सुरक्षारक्षकाने दोनदा पाहिले. काउंटरवर चाळिशीच्या एक बाई होत्या, विदर्भातल्या, हे त्यांच्या पहिल्या वाक्यातच कळले. मी त्यांना सांगितले, सातही फोनवर माझ्या हनुवटीचा फोटो काढा. त्यांनी एक शब्द न बोलता काढले. सात हनुवट्या काचेवर ओळीने मांडल्या. सहा फोनमध्ये ठिपके स्वच्छ आले, त्यांत दोनशेवाल्याचे सर्वांत ठसठशीत. मी तक्त्यात टिक केली आणि म्हणालो, "हा द्या."

त्या म्हणाल्या, "देते, सर. पण एक विचारू का? हे तोंडावर काय काढून राहिले तुम्ही?"

मी सगळे सांगितले. त्यांनी खोक्यावरचा हात काढून घेतला.

"बाप्पा! तुम्ही पेनाची शाई तपासून राहिले. आजीचं गोंदण कातडीच्या आत आहे नं? किती वर्षं झाली त्याला?"

"सत्तरच्या आसपास."

"माझ्या मायच्या हातावर आहे. पार ढगासारखं झालं. आजीलाच आणा, सर. तोवर हा फोन मी तुम्हाला विकत नाही."

सत्तावीस वर्षे मी नव्या मुलांना शिकवतो की नमुना खऱ्या मालासारखा नसेल तर तपासणी फुकट. आणि मीच वरून काढलेली ताजी हिरवी शाई घेऊन सत्तर वर्षांच्या, मांसात मुरलेल्या रंगाची परीक्षा घ्यायला निघालो होतो. रुमालाने हनुवटी पुसली. शाई निघाली नाही, पसरली. तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच आईला घेऊन गेलो. गर्दी नव्हती. बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले. आधी दोनशेवाला फोन धरला. फोटो निघाला आणि मी वाकून पाहिले. आईचा चेहरा उजळ, मऊ, केतकीसारखा. हनुवटीवर पाच फिकट सावल्या, त्याही विरघळत चाललेल्या.

आईने पाहिले. "ही बी तीच. कपाटातली."

"चेहरा सुंदर करायचं बटण असतं, ते बंद करते," बाई म्हणाल्या. बंद केले. थोडा फरक पडला. बाईंनी मान हलवली. "हा आतून पुसतोच, सर. बारीक डाग दिसला की त्याला वाटतं, फोटो खराब आला. किती आकडा मोठा असला तरी." त्यांनी दुसरा, तिसरा, चौथा फोन काढला. प्रत्येकाने आईला आपापल्या परीने तरुण केले. आईचे तोंड बारीक होऊ लागले. मी घड्याळ पाहिले नाही, पण त्या महिन्यातले उरलेले दिवस मला पाठ होते. ती आता उठेल, "मंग न्हाय" म्हणेल, आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही, याची मला खात्री होती.

बाईंनी मग मी फुली मारलेला, बारावाला फोन उचलला. त्यात कुठेतरी आत जाऊन काहीतरी बदलले. "आता हा काहीच सुधारणार नाही. जे आहे तेच घेईल. पण दिव्याखाली नको. आजी, दारात चला."

दाराशी काचेतून पूर्वेचा उजेड तिरपा येत होता. आईला तिथे स्टुलावर बसवले. बाई समोर गुडघ्यांवर बसल्या, फोन दोन्ही हातांनी धरला. "आजी, जराशी मान तिकडे. बस. हलू नका हं."

आई खुदकन हसली. हसू आवरले. पुन्हा हसली.

"काय झालं गं?" मी विचारले.

"काय न्हाय. काढ बाई तू." आणि ती दगडासारखी स्थिर बसली.

बाईंनी फोन माझ्या हातात दिला. "दोन बोटांनी मोठं करा, सर."

मी केले. आधी चेहरा होता. मग गाल. मग हनुवटी. तिथे फोटो संपायला हवा होता, पण तो संपेना. मी आणखी आत गेलो. कातडीवर बारीक बारीक चौकटी होत्या, एकीतून दुसरी निघालेली, आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या. पांढरी लव होती, एकेक केस वेगळा, आणि प्रत्येक केसाला स्वतःची सावली. मग मी मधल्या ठिपक्यावर पोचलो आणि माझा हात थांबला. तो ठिपका नव्हताच. तो सुईच्या टोचांचा घोळका होता. मी मोजले, अकरा. प्रत्येक टोच निळसर हिरवा, कडेला धुरकट, आणि कातडीच्या वर नाही तर खाली, पाण्यात पडलेल्या खड्यासारखा. वरच्या डावीकडे नऊ टोच, वरच्या उजवीकडे दहा, त्यांतला एक जरा बाजूला सरकलेला. कुण्या बाईने एके दिवशी एका लहान मुलीच्या हनुवटीवर सुई पन्नासेक वेळा टेकवली होती, आणि त्यातली प्रत्येक वेळ अजून तिथे होती. मोजता येत होती.

मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो. त्याचाच पगार मिळतो. आणि जिच्या हनुवटीवर मोजायला शिकलो, ती हनुवटी मी कधी पाहिलीच नव्हती. हातातल्या त्या काचेच्या तुकड्याचे नवल वाटावे की आईच्या चेहऱ्याचे, हे मला ठरवता येईना.

मग उजवीकडच्या खालच्या ठिपक्याकडे गेलो. शेजारी ती गाठ, मोठी झाल्यावर डोंगरासारखी. आणि गाठीच्या पायथ्याशी, हनुवटीच्या घडीत, आणखी एक. तीनच टोच, ओढल्यासारखे, शेपटी फुटलेले.

"आई, हा सहावा कसला?"

"सहावा?" तिने चष्मा पुसून घातला. मी फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली. मग बोट काचेजवळ नेले, पण टेकवले नाही.

"हाय व्हय अजून! मला वाटलं, गेला आसल कवाच. आरशात दिसत न्हाय, घडीत गेलाय." आणि मघाचे हसू पुन्हा आले. "आक्कानं आधी गोंदून घेतलं. हूं न्हाय का चूं न्हाय. मंग माझं डोस्कं मांडीवर घेतलं आन हनुवटी धरली. म्हनली, हलू नको हं. हीच बाई म्हनली ना आत्ता, तशीच. पाचवा ठिपका चाललाय, आन आक्का कानात म्हनती, गोंदनारीच्या नाकात तपकीर हाय. शिंकली तर सहावा हुईल. मला हसू फुटलं. हलले. झाला सहावा!"

दुकानातल्या बाईही हसल्या.

"मला आईनं लई बोल लावला. पर आक्का म्हनली, आसू दे. हिचे पाच हिचे, ह्यो एक जास्तीचा माझा." आई थांबली. फोन माझ्याकडे ढकलत म्हणाली, "घे ह्योच. ह्यो खोटं बोलत न्हाय."

तो फोन घेतला. तक्ता खिशात होता, तो पुन्हा उघडला नाही.

डॉक्टरीणबाईंकडे सव्विसाव्या दिवशी गेलो. आईने आत जाताच माझ्या खिशातला फोन मागून घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फोटो मोठा केला आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. आपल्या मदतनीस बाईंनाही बोलावले. "इतकं तर मला भिंगातून दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग आईला सरळ सांगितले, "आजी, खालचा हा जाणार. आणि घडीतला हा बारीकही जाणार. तो गाठीला चिकटूनच आहे. बाकीचे चार मी हलवत नाही. टाके या रेषेत घेते."

"त्यो बारीक जानारच का?"

"जाणारच."

आईने फोटोकडे पाहिले, मग डॉक्टरीणबाईंकडे. "बरं," म्हणाली आणि टेबलावर जाऊन झोपली. मी बाहेर बसलो. चाळीस मिनिटे लागली.

आठवड्याने टाके काढले. काढलेली गाठ तपासायला पाठवली होती, तिच्या कडा स्वच्छ निघाल्या. म्हणजे आत काही उरले नव्हते. घरी आल्यावर आई खिडकीशी बसली आणि बोटाने हनुवटी चाचपू लागली. खाली नव्या इमारतींमधून दुपारच्या सुट्टीला माणसे बाहेर पडत होती.

"किती ऱ्हायले रं?"

"चार."

"फोटूत?"

"सहा."

तिने मनाशी हिशोब केला. "म्हंजी दोन फोनात."

"हो."

मी फोटो उघडून तिच्या हातात दिला. दोन बोटांनी मोठे करायला ती एव्हाना शिकली होती. चेहरा, गाल, हनुवटी, असे करत ती गाठीच्या पायथ्याशी पोचली आणि तिथे थांबली. सहावा ठिपका काचेच्या मधोमध होता. तिचा हात थोडा कापत होता, त्यामुळे फोटो इकडे तिकडे सरकत होता, आणि ती तो पुन्हा पुन्हा मध्ये आणत होती.

"हलू नको हं, आक्के," ती फोनला म्हणाली.